झाडाची सावली कोणाची? कॅलिफोर्नियातील बाग-देखभाल आकारणीचा इतिहास

प्रस्तावना

घरपट्टीचे बिल हातात आले की आपण बहुधा एकच आकडा पाहतो: एकूण भरायचे किती? पण ते बिल ओळीने वाचले, तर त्यात शहराच्या कारभाराचा बराच इतिहास दडलेला दिसतो. मुंबई महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात सर्वसाधारण कर, मलनिःसारण कर, पथकर यांच्याबरोबर ‘वृक्ष उपकर’ अशी एक छोटी नोंद असते. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्यात अशा उपकराची तरतूद आहे. शहरातली झाडे सर्वांची आहेत, म्हणून त्यांचा खर्च शहरातील सर्व मालमत्तांवर थोडा थोडा टाकावा, हा त्यामागचा विचार.

याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वेगळा मार्ग धरला. एखाद्या वस्तीतील रस्त्यालगतची झाडे, दुभाजकावरील हिरवळ, कोपऱ्यावरची बाग आणि पथदिवे यांची देखभाल त्याच वस्तीतील मालमत्तांकडून वसूल करावी, असा हा मार्ग. आपल्या भाषेत त्या आकारणीला ‘बागपट्टी’ म्हणता येईल. ऐकायला साधी वाटणारी ही पट्टी पुढच्या चाळीस वर्षांत राज्यघटनेतील दुरुस्त्यांपर्यंत आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोहोचली.

असे का झाले, हे या पाठात आपण पाहणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवा: रस्त्याकडेच्या झाडाची सावली नेमकी कोणाची? ज्याच्या दारात झाड आहे त्याची, की त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची? या प्रश्नाचे उत्तर बदलले, की पैसे कोणी द्यायचे आणि मत कोणी द्यायचे, हेही बदलते.

१. मूल्यांकन आणि आकारणी

सुरुवातीला शब्दांचा घोळ दूर करू. इंग्रजीत ‘असेसमेंट’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे मालमत्तेची करासाठी ठरवलेली किंमत. तिला आपण ‘मूल्यांकन’ म्हणू. मूल्यांकन वाढले की घरपट्टी वाढते आणि तो पैसा शहराच्या सामाईक तिजोरीत जातो. त्यातून शाळा, पोलीस, अग्निशमन, रस्ते असे काहीही चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी, त्या कामाचा लाभ मिळणाऱ्या मालमत्तांवरच बसवलेली रक्कम. तिला आपण ‘विशेष आकारणी’ म्हणू. ती घराच्या किमतीवर ठरत नाही. मालमत्तेला किती लाभ झाला, यावर ती ठरते, निदान तसे अपेक्षित असते. तिचा पैसा त्याच कामावर खर्च करावा लागतो.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मराठेशाहीत ठरलेल्या महसुलावर विशिष्ट कारणासाठी बसवलेल्या जादा वसुलीला ‘पट्टी’ म्हणत. पेशवाईतील ‘कर्जापट्टी’ हे तिचे परिचित उदाहरण. मात्र त्या पट्टीत देणाऱ्याच्या लाभाचा हिशेब नव्हता. विशेष आकारणीत तोच हिशेब मध्यवर्ती असतो, आणि पुढचे सारे वाद त्याच हिशेबावरून झाले.

२. कल्पनेची जुनी मुळे

लाभ ज्याला, खर्च त्याला, हे तत्त्व इंग्लंडमध्ये पाण्याच्या निचऱ्याच्या कामांतून वाढले. सखल, दलदलीच्या प्रदेशात बांध आणि चर राखले नाहीत, तर समुद्राचे किंवा नदीचे पाणी शेतांत शिरे. १४२७ आणि १५३१ च्या कायद्यांनी अशा कामांसाठी आयुक्त नेमण्याची व्यवस्था केली. ज्या जमिनी बांधामुळे वाचत, त्यांच्या मालकांकडून हे आयुक्त खर्च वसूल करीत. येथे लाभ उघड होता. बांध फुटला तर कोणाचे शेत बुडणार, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

इंग्रजी वसाहतींबरोबर ही पद्धत अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून रस्ते आणि गटारांसाठी तिचा आधार घेतला गेला. एकोणिसाव्या शतकात ती बागांपर्यंत पोहोचली. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी जमीन घेतली गेली, तेव्हा जमिनीच्या किमतीचा सुमारे एकतृतीयांश भाग भोवतालच्या मालमत्तांवर आकारला गेला. बाग झाली की शेजारच्या भूखंडांचे भाव वाढणार, मग त्या वाढीतला वाटा बागेने का घेऊ नये, असा हा युक्तिवाद होता.

मुंबई इलाख्यातही हाच विचार वेगळ्या वाटेने आला. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात, योजनेमुळे ज्या जमिनीची किंमत वाढेल त्या जमिनीच्या मालकाकडून ‘सुधारणा आकार’ घेण्याची तरतूद होती.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. खर्च एकदाच होणारा आहे: बांध घालणे, रस्ता काढणे, बागेसाठी जमीन घेणे. पण बाग एकदा करून संपत नाही. तिला दररोज पाणी लागते. गवत कापावे लागते, फांद्या छाटाव्या लागतात, मेलेले झाड काढून दुसरे लावावे लागते. एकदाच्या खर्चासाठी तयार झालेले हत्यार कायमच्या खर्चासाठी वापरायला घेतले, तेव्हा खरी अडचण सुरू झाली.

लाभाहून जास्त आकारणी करता येते का, हा प्रश्नही जुनाच. १८९८ मध्ये ओहायो राज्यातील नॉरवुड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की लाभापेक्षा बरीच जास्त रक्कम वसूल करणे म्हणजे मोबदला न देता मालमत्ता काढून घेणे होय. नंतरच्या निकालांनी हे बंधन सैल केले. पण लाभाच्या मापाची कल्पना कायद्यात रुजली.

३. १९७२ चा कायदा

विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाने विशेष आकारणीचे अनेक कायदे केले. १९११ आणि १९१३ चे कायदे रस्ते, गटारे अशा बांधकामांसाठी होते. १९७२ च्या ‘लँडस्केपिंग अँड लायटिंग ॲक्ट’चे वेगळेपण असे, की त्यात बाग आणि पथदिवे उभारण्याबरोबरच त्यांच्या देखभालीसाठी दरवर्षी आकारणी करण्याची सोय होती.

कार्यपद्धती साधारण अशी होती. नगरपरिषद एक ‘आकारणी क्षेत्र’ ठरवी. अभियंता त्याचा अहवाल तयार करी. त्यात कोणती हिरवळ, किती दिवे, वर्षाचा अंदाजित खर्च, क्षेत्राचा नकाशा आणि प्रत्येक भूखंडाच्या वाट्याला येणारी रक्कम असे. मग जाहीर सुनावणी होई. मालकांनी मोठ्या प्रमाणावर लेखी विरोध केला, तरी नगरपरिषदेला चारपंचमांश मतांनी तो विरोध बाजूला सारता येत असे. आकारणी मंजूर झाली की ती काउंटीच्या मालमत्ता कराच्या बिलातच एक ओळ म्हणून छापली जाई.

या शेवटच्या तपशिलाकडे लक्ष द्या. वेगळे बिल नाही, वेगळा वसुली कारकून नाही. शहरासाठी ही मोठी सोय होती. घरमालकाला मात्र कर आणि आकारणी यांतला फरक दिसेनासा झाला. त्याच्या दृष्टीने बिल वाढले, एवढेच खरे.

४. प्रस्ताव १३: एक दार बंद

या कायद्याचे खरे महत्त्व सहा वर्षांनी वाढले. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी.

१९६० च्या दशकापर्यंत कॅलिफोर्नियात मूल्यांकनाचा कारभार ढिला होता. घरांचे मूल्यांकन अनेकदा बाजारभावापेक्षा बरेच कमी ठेवले जाई. सॅन फ्रान्सिस्कोत मूल्यांकनात लाचखोरी झाल्याचे उघडकीस आले आणि १९६६ मध्ये राज्याने सर्व मालमत्तांना एकच प्रमाण लावण्याचा कायदा केला. सुधारणा न्याय्य होती, पण तिचा परिणाम असा झाला, की पूर्वी अनौपचारिक सवलत मिळणाऱ्या घरांचा बोजा वाढला. त्यातच १९७० च्या दशकात घरांच्या किमती झपाट्याने चढल्या. किंमत चढली की मूल्यांकन चढे आणि मूल्यांकन चढले की कर चढे. घर विकायचे नसलेल्या निवृत्त माणसाच्या हाती मात्र वाढीव किमतीतला एक डॉलरही येत नव्हता.

या असंतोषातून हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी ‘प्रस्ताव १३’ पुढे आणला. ६ जून १९७८ रोजी सुमारे ६५ टक्के मतदारांनी तो मंजूर केला. त्याने राज्यघटनेतच तीन बंधने घातली. मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यापुरता मर्यादित झाला. मूल्यांकन १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेले गेले आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढू शकेल, असे ठरले. शिवाय शहराला ‘विशेष कर’ बसवायचा, तर दोनतृतीयांश मतदारांची संमती लागेल, असे ठरले.

स्थानिक संस्थांचे मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून अधिक घटले. कपात करायची तर कुठे? पोलीस आणि अग्निशमन यांना हात लावणे अवघड. दुभाजकावरील हिरवळ पटकन नजरेत भरते, पण ती सुकली तर कोणाचा जीव जात नाही. त्यामुळे कात्री तिथे आधी लागते.

मग शहरांचे लक्ष १९७२ च्या कायद्याकडे गेले. १९७९ मध्ये फ्रेस्नो काउंटीच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने निर्णय दिला, की लाभावर आधारलेली विशेष आकारणी म्हणजे ‘विशेष कर’ नव्हे. म्हणून तिला दोनतृतीयांश मतांची अट लागू होत नाही. एक दार बंद झाले होते, शेजारची खिडकी उघडी होती. मूल्यांकन वाढवून पैसा उभा करणे बंद झाले, तेव्हा आकारणी वाढवून तो उभा करणे सुरू झाले.

नव्या वसाहतींत तर हे आणखी सोपे होते. विकासकाला परवानगी देतानाच नगरपरिषद आकारणी क्षेत्राची अट घाली. त्या वेळी सगळ्या जमिनीचा मालक विकासक एकटाच असे, त्यामुळे विरोध करायला कोणी नसे. घर घेणाऱ्याला हिरवी वसाहत मिळे आणि तिच्याबरोबर बिलातली एक ओळही.

५. ओरलँडचा निकाल आणि वाढती नाराजी

ओरलँड हे उत्तर कॅलिफोर्नियातील लहान शेतीप्रधान शहर. तेथे उद्यानांच्या देखभालीसाठी १९७२ च्या कायद्याखाली आकारणी बसवली गेली. काही मालकांनी न्यायालयात आक्षेप घेतला. उद्यान सर्वांना खुले असते, मग आमच्या जमिनीला वेगळा लाभ कोणता? हा तर कर आहे, फक्त नाव दुसरे, असे त्यांचे म्हणणे. १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. उद्यानांमुळे मालमत्तांना विशेष लाभ होतो, हा नगरपरिषदेचा निष्कर्ष न्यायालयाने मान्य केला. असे निर्णय लोकप्रतिनिधींचे असतात, ते उघडपणे निराधार नसतील तर न्यायालयाने हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका त्याने घेतली.

शहरांना हिरवा कंदील मिळाला. पण ज्यांनी प्रस्ताव १३ साठी मते मागितली होती, त्यांना ही फसवणूक वाटली. त्यांच्या पुढच्या मोहिमेच्या अधिकृत मतदार पुस्तिकेत त्यांनी अनेक उदाहरणे दिली. उद्यानापासून २७ मैल दूर राहणाऱ्यांनाही उद्यानाचा लाभ होतो असे सांगून आकारणी केली जाते, असा त्यांचा एक दावा होता. फुटबॉलच्या मैदानाच्या डागडुजीसाठी घरमालकांना पैसे द्यावे लागतात, असा दुसरा. ही उदाहरणे प्रचारातली होती, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण त्यांतला मूळ मुद्दा चुकीचा नव्हता. ‘लाभ’ हा शब्द हवा तितका ताणता येत असेल, तर त्याने कोणतेच बंधन पडत नाही.

६. प्रस्ताव २१८: खिडकीलाही गज

५ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘प्रस्ताव २१८’ सुमारे ५६ टक्के मतांनी मंजूर झाला. गंमत अशी, की त्याच दिवशी लॉस एंजेलिस शहराच्या मतदारांनी उद्याने आणि मुलांच्या सुविधांसाठी वर्षाला २.५ कोटी डॉलर उभे करणारी, ३० वर्षांची शहरव्यापी आकारणीही मंजूर केली. तिचे नाव ‘प्रस्ताव के’. म्हणजे लोकांना बागा नको होत्या असे नाही. न विचारता लादलेली पट्टी त्यांना नको होती.

प्रस्ताव २१८ ने आकारणीचे नियम पुढीलप्रमाणे बदलले:

- ‘विशेष लाभ’ आणि ‘सामान्य लाभ’ वेगळे मोजले पाहिजेत. आकारणी केवळ विशेष लाभापुरतीच करता येईल. सामान्य लाभाचा वाटा शहराने दुसऱ्या पैशातून भरावा.
- मालमत्तेची किंमत सर्वसाधारणपणे वाढते, एवढ्यावरून विशेष लाभ सिद्ध होत नाही.
- प्रत्येक मालकाला ४५ दिवस आधी टपालाने सूचना आणि मतपत्रिका पाठवावी लागेल.
- मते माणसागणिक न मोजता, ज्याच्या वाट्याला जितकी रक्कम तितके त्याच्या मताचे वजन, अशी मोजावीत. विरोधाचे वजन जास्त भरले तर आकारणी रद्द.
- सरकारी जमिनींनाही, त्यांना विशेष लाभ होत असेल तर, आकारणी लागू होईल.
- वाद न्यायालयात गेला, तर आकारणी योग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी शहराची.

दुसरी अट विशेष महत्त्वाची आहे. सेंट्रल पार्कच्या वेळी भूखंडांचे वाढणारे भाव हाच आकारणीचा आधार होता. आता नेमका तोच आधार अपुरा ठरवला गेला.

मतांच्या वजनाचा नियम एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका क्षेत्रात १०० घरे आहेत आणि प्रत्येकाची प्रस्तावित आकारणी १०० डॉलर आहे. त्याच क्षेत्रात शहराच्या मालकीचा एक मोठा भूखंड असून त्याचा वाटा ३,००० डॉलर आहे. ६० घरमालकांनी विरोध केला, म्हणजे विरोधाचे वजन ६,०००. ४० घरमालक बाजूने, त्यांचे वजन ४,०००. शहराने स्वतःचे मत बाजूने दिले, आणखी ३,०००. एकूण ७,०००. दहापैकी सहा घरांचा विरोध असूनही आकारणी मंजूर! भाडेकरूंना तर, आकारणी थेट त्यांनीच भरायची नसेल, तर या हिशेबात स्थानच नाही. बागेत त्यांची मुले खेळतात, पण मतपत्रिका घरमालकाकडे जाते.

७. न्यायालयात तपासलेली हिरवळ

नव्या नियमांचा खरा अर्थ पुढच्या निकालांतून उलगडला. त्यांतले तीन पाहू.

*सांता क्लारा काउंटी, २००८.* मोकळ्या जागा विकत घेऊन राखण्यासाठी येथील प्राधिकरणाने ३ लाखांहून अधिक भूखंडांवर आकारणी बसवली. एका कुटुंबाच्या घराला वर्षाला २० डॉलर. रक्कम क्षुल्लक होती आणि वजनी मतदानात ती मंजूरही झाली होती. तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोणत्या जागा घेणार, हेच निश्चित नव्हते. मोकळ्या निसर्गाचा आनंद, सुंदर देखावा, हे लाभ सर्वांना सारखेच मिळणारे होते. ते एखाद्या भूखंडाला वेगळे असे मिळत नव्हते. याहून दूरगामी गोष्ट म्हणजे, यापुढे न्यायालय नगरपरिषदेच्या शब्दावर विसंबणार नाही, स्वतंत्रपणे तपासेल, असे या निकालाने ठरले. ओरलँडच्या निकालातील सौम्य भूमिका संपली.

*वाइल्डोमार, २०१०.* रिव्हरसाइड काउंटीतील या गावाच्या उद्यानांसाठी बसवलेली आकारणी अपील न्यायालयाने रद्द केली. उद्यानांत बाहेरचे लोकही येतात, म्हणजे सामान्य लाभ आहेच. मग तो मोजून वेगळा का काढला नाही? अहवालात याचे उत्तर नव्हते. या निकालाची झळ लगेच बसली. २००८ मध्येच नगर झालेल्या या लहान गावाकडे दुसरा पैसा नव्हता आणि उद्याने चालू ठेवणे कठीण झाले. शेवटी नोव्हेंबर २०१२ मध्ये दोनतृतीयांशाहून अधिक मतदारांनी दर भूखंडाला वर्षाला २८ डॉलरचा विशेष कर मंजूर केला. ज्या अवघड दारातून जायचे टाळण्यासाठी शहरे खिडकीकडे वळली होती, त्याच दारातून वाइल्डोमारला अखेर जावे लागले. आणि लोकांनी ते उघडले.

*गोल्डन हिल, सॅन डिएगो, २०११.* बाल्बोआ पार्कजवळच्या या जुन्या वस्तीत २००७ मध्ये देखभाल आकारणी क्षेत्र स्थापन झाले. येथे प्रश्न मतांच्या वजनाचा होता. शहराने आपल्या मालकीच्या भूखंडांना दिलेले वजन निकाल ठरवण्याइतके मोठे होते, आणि ते कसे काढले याचा पुरेसा आधार अहवालात नव्हता. विशेष आणि सामान्य लाभही नीट वेगळे केलेले नव्हते. आकारणी रद्द झाली. वर आपण घेतलेले काल्पनिक उदाहरण फारसे काल्पनिक नव्हते, हे यावरून दिसेल.

या निकालांत एक विचित्र शेवट दडलेला आहे. बाग जितकी खुली, जितकी अधिक लोकांच्या उपयोगाची, तितका तिचा ‘विशेष लाभ’ सिद्ध करणे अवघड. चार घरांच्या दारातील फुलझाडांचा पट्टा कायद्याच्या चाळणीतून सहज पार होतो. साऱ्या गावाची मुले जिथे खेळतात, ते मैदान मात्र चाळणीत अडकते.

८. गोठलेली आकारणी

आता वाढीच्या प्रश्नाकडे येऊ, कारण नगरपरिषदांच्या सभांत या विषयावर वाद होतात.

प्रस्ताव २१८ नुसार आकारणी वाढवायची, तर पुन्हा अहवाल आणि पुन्हा मतपत्रिका. अपवाद एकच. मूळ मंजुरीतच महागाईनुसार वाढीचे सूत्र असेल, तर त्या सूत्राप्रमाणे होणाऱ्या वाढीला नवे मतदान लागत नाही. पण जुन्या अनेक क्षेत्रांत असे सूत्र नव्हतेच. तेव्हा नगरपरिषदेला दरवर्षी दर बदलता येत असल्यामुळे त्याची गरज कोणाला भासली नव्हती.

हिशेब करून पाहा. समजा, १९८८ मध्ये ४०० घरांच्या वसाहतीत दर घरी वर्षाला १२० डॉलर आकारणी ठरली. जमा ४८,००० डॉलर. पाणी, मजुरी, वीज यांचा खर्च वर्षाला ३ टक्के वाढला, तर ३० वर्षांनी त्याच कामाला सुमारे १,१६,००० डॉलर लागतील. म्हणजे आकारणी १२० वरून २९० च्या आसपास न्यावी लागेल. प्रस्ताव १३ मुळे घरमालकाला वर्षाला २ टक्क्यांच्या वाढीची सवय झालेली असते. त्याच्या हातात एके दिवशी जवळजवळ अडीचपट वाढीची मतपत्रिका पडते. तो ‘नाही’ म्हणतो, यात नवल काय?

‘नाही’ म्हटल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. आधी गवत कापण्याच्या खेपा कमी होतात. मग फुटलेली तुषार सिंचनाची नळी दुरुस्त होत नाही. छाटणी लांबते, फांद्या दिव्यांवर येतात. झाडे वाळली की पुढच्या मतदानात लोक विचारतात: आधीच्या पैशांचे काय केले? अविश्वासाने पैसा आटतो आणि पैसा आटल्याने अविश्वास वाढतो.

दुष्काळाने त्यात भर घातली. १ एप्रिल २०१५ रोजी राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा आदेश काढला. रस्त्यांच्या दुभाजकांवरील शोभेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी देण्यावर त्यात बंदी होती. १९७२ मध्ये हिरवळ हेच सुंदर वस्तीचे लक्षण मानले गेले होते. आता कमी पाण्यावर जगणारी स्थानिक झुडपे आणि ठिबक सिंचन यांकडे वळणे भाग पडले. पण तो बदल करायलाही आधी पैसा लागतो, आणि आकारणी तर गोठलेली.

यातून विषमताही वाढते. सधन वस्ती वाढीला ‘हो’ म्हणू शकते. तिच्या शेजारची, निवृत्त माणसांची किंवा भाड्याने दिलेल्या घरांची वस्ती ‘नाही’ म्हणते. मग एकाच शहरात एक रस्ता सावलीचा आणि दुसरा उन्हाचा, असे चित्र दिसू लागते.

समारोप

या इतिहासात कोणी एक खलनायक नाही. निवृत्त घरमालकाची भीती खरी होती. नगरपरिषदेची अडचणही खरी होती. न्यायालयाने विचारलेला प्रश्न योग्य होता आणि त्याच्या उत्तरामुळे वाइल्डोमारच्या उद्यानांवर संकट आले, हेही खरे. करावर बंधन घातले म्हणून बागेचा खर्च नाहीसा झाला नाही. तो सामाईक तिजोरीतून वस्तीकडे आला, वस्तीतून भूखंडाकडे आला, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आपण सगळे’ याचा अर्थ आक्रसत गेला. शेवटी प्रत्येक मालकाने आपल्या दारातील सावलीचे माप मागितले.

बांध फुटला तर कोणाचे शेत बुडेल, हे सांगता येते. झाडाची सावली मात्र सकाळी एका अंगणात असते, दुपारी रस्त्यावर आणि संध्याकाळी समोरच्या घरावर. तिचे माप घेणे अवघड आहे, पण तेवढ्यामुळे तिला पाणी घालण्याची जबाबदारी टळत नाही. ती कोणी घ्यायची, हे अभियंत्याच्या अहवालाने ठरत नाही. ते नागरिकांनी एकमेकांशी बोलून ठरवावे लागते, आणि दर पिढीला पुन्हा ठरवावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. मूल्यांकनावर आधारलेला कर आणि लाभावर आधारलेली विशेष आकारणी यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. ओरलँड (१९९२) आणि सांता क्लारा (२००८) या निकालांत न्यायालयाची भूमिका कशी बदलली?

३. आकारणीच्या मतदानात रकमेनुसार मताचे वजन ठरावे, की प्रत्येकाला एकच मत असावे? दोन्ही बाजू मांडा. भाडेकरूंचा विचार अवश्य करा.

४. मुंबईचा वृक्ष उपकर सर्व शहरावर आहे, तर कॅलिफोर्नियाची आकारणी वस्तीपुरती आहे. तुमच्या गावातील बागेसाठी कोणती पद्धत अधिक न्याय्य ठरेल?

५. तुमच्या घरपट्टीचे बिल काढून त्यातील प्रत्येक ओळ वाचा. त्यांपैकी कोणत्या खर्चाचा लाभ केवळ तुमच्या घराला मिळतो आणि कोणत्याचा सर्वांना, याची दोन रकान्यांत नोंद करा. कोणती ओळ कुठे टाकावी हे ठरवताना कुठे अडलात, तेही लिहा.